शेऱ्याचा रकाना

घोड्यांच्या शर्यतीचं नाव काढलं की आपल्या हॉस्टेलवर दोन गट पडतात. एक गट "जुगार आहे तो, आपला काय संबंध" म्हणून मेसकडे चालू लागतो. दुसऱ्या गटाला पुण्याचा पावसाळी सीझन आणि महालक्ष्मीचा हिवाळी सीझन जवळजवळ तोंडपाठ असतो, आणि त्यांच्याकडे नेहमी एक "पक्की" खबर असते. हा लेख दोन्ही गटांसाठी आहे. पैसे कुठे लावावेत हे यात सांगितलेलं नाही, ते शोधत असाल तर पान उलटा. शर्यतीच्या तक्त्यात आकड्यांच्या शेजारी जो शेरा छापलेला असतो, तो कसा वाचावा एवढाच आपला विषय. आणि माझं मत असं की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने हा शेरा जरूर वाचावा, पण ज्या पद्धतीने तो सगळीकडे वाचला जातो तसा मुळीच वाचू नये.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे, म्हणजे इंग्रजांच्या पद्धतीने चालणाऱ्या रेसमध्ये, हँडिकॅपर हा क्लबचा अधिकारी असतो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमजोर घोड्यावर कमी वजन असं ठरवून सगळ्यांना जवळपास सारखी संधी द्यायची हे त्याचं काम. अमेरिकेत मात्र प्रेक्षकाने घरी बसून घोड्यांचा अभ्यास करणं आणि कोणाची शक्यता किती हे ठरवणं यालाच हँडिकॅपिंग म्हणतात. इथे मी तो अमेरिकन अर्थ घेतोय, कारण शर्यतीच्या तक्त्याचं शास्त्र सगळ्यात जास्त तिथेच वाढलं.

तिथे 'डेली रेसिंग फॉर्म' नावाचं वर्तमानपत्र १८९४ मध्ये शिकागोत सुरू झालं. प्रत्येक शर्यतीचा तक्ता छापायचा हा त्याचा धंदा. १९९० मध्ये 'इक्विबेस' ही संस्था स्थापन झाली, आणि आता अधिकृत तक्ते तीच तयार करते. पद्धत मजेशीर आहे. चार्ट कॉलर नावाचा एक माणूस उंचावर दुर्बीण घेऊन उभा राहतो. शर्यत चालू असताना ठरावीक खुणांपाशी कोणता घोडा कितवा आणि पुढच्यापासून किती अंतरावर आहे हे तो घडाघडा बोलत जातो, आणि शेजारी बसलेला सहकारी ते टिपून घेतो. वेळ यंत्राने मोजली जाते. मग शर्यतीचं चित्रीकरण पुन्हा बघून प्रत्येक घोड्याबद्दल दोन-चार शब्द लिहिले जातात. सुरुवातीला धक्का बसला, वळणावर चौथ्या लेनमधून धावला, जागा मिळाली नाही, लगाम खेचावा लागला, शेवटी थकला, वगैरे. हाच तो शेरा.

आता हा शेरा लागतोच कशाला? आकडे आहेत ना? आपल्यातल्या आकडेप्रेमींचा हा पहिला प्रश्न असतो.

१९५७ ची केंटकी डर्बी बघा. 'गॅलंट मॅन' नावाचा घोडा आणि त्यावर बिल शूमेकर, म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम जॉकींपैकी एक. शेवटच्या सरळ टप्प्यात गॅलंट मॅन जिंकण्याच्या बेतात असताना शूमेकरने शर्यतीचा शेवट कुठे आहे हेच चुकून आधी धरलं आणि तो क्षणभर रिकिबीत उभा राहिला. लगेच सावरला, पण 'आयर्न लीज' केवळ नाकाच्या अंतराने जिंकला. आकड्यांच्या दृष्टीने गॅलंट मॅन दुसरा. पण का दुसरा, हे आकडा सांगत नाही. पुढच्याच महिन्यात बेलमाँट स्टेक्समध्ये तो आठ लेंग्थनी जिंकला, आणि दीड मैलाची त्याची वेळ या शर्यतीचा विक्रम ठरली. तो विक्रम १९७३ पर्यंत टिकला.

दुसरं उदाहरण २००५ च्या प्रीकनेसचं. शेवटच्या वळणावर पुढे असलेला 'स्क्रॅपी टी' एकदम बाहेर वळला आणि मागून येणाऱ्या 'अफ्लीट ॲलेक्स'च्या वाटेत आला. अफ्लीट ॲलेक्स जवळजवळ गुडघ्यांवर गेला. जॉकी पडला नाही हेच नवल. तरीही तो उठला, सावरला आणि पावणेपाच लेंग्थनी जिंकला. तीन आठवड्यांनी बेलमाँट सात लेंग्थनी. प्रीकनेसमधली त्याची नुसती वेळ बघितली तर त्या घोड्याची ताकद कमीच मोजली जाईल, कारण त्या वेळेत एक जवळजवळ पडणं धरलेलं आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर आकडा हे रीडिंग आहे, आणि शेरा ही ते रीडिंग कोणत्या परिस्थितीत घेतलं त्याची नोंद. टेन्साइल टेस्टमध्ये जॉब ग्रिपमधून सटकला आणि आपण फक्त लोड लिहिला, तर त्या लोडला काय अर्थ राहिला? आकड्यांचे सगळ्यात मोठे पुरस्कर्तेसुद्धा इथे येऊन थांबले आहेत. अँड्र्यू बेयर यांनी १९७५ च्या 'पिकिंग विनर्स' या पुस्तकातून स्पीड फिगर लोकप्रिय केल्या. वेगवेगळ्या ट्रॅकवरच्या, वेगवेगळ्या दिवसांच्या वेळा एका मापात आणायची ही पद्धत. त्यांच्याच १९८३ च्या 'द विनिंग हॉर्सप्लेयर'मध्ये घोड्याला शर्यतीत वाट कशी मिळाली याचा विचार आहे. म्हणजे आकडे घट्ट बसवल्यावरही शेऱ्याची गरज संपली नाही.

शेऱ्याचं काही वेळा चक्क गणित करता येतं, आणि हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. समजा शेरा आहे, "वळणावर चौथ्या लेनमध्ये". ट्रॅकचं वळण म्हणजे अर्धवर्तुळ. आतल्या कठड्याला चिकटून धावणाऱ्याची त्रिज्या र धरली, तर त्याचं अंतर पाय गुणिले र. त्याच्यापेक्षा तीन लेन बाहेर धावणाऱ्याचं अंतर पाय गुणिले (र अधिक ३ मीटर), एक लेन साधारण एक मीटरची धरली तर. वजाबाकी केली की र उडून जातो! उरतं ३.१४ गुणिले ३, म्हणजे सुमारे ९.४ मीटर. ट्रॅक मोठा असो की छोटा, अर्धवर्तुळाच्या पूर्ण वळणाला जादा अंतर तेवढंच. एक लेंग्थ म्हणजे साधारण २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ चार लेंग्थ. दोन लेंग्थनी हरलेला घोडा जर पूर्ण वळणभर तसा बाहेरून पळाला असेल, तर तो जिंकणाऱ्यापेक्षा जास्त अंतर कापून हरलाय. हे नुसत्या निकालात कुठेही दिसत नाही.

पण गणित झालं म्हणून लगेच उड्या मारू नका. पाऊस पडून आतली बाजू रेंदा झाली असेल, तर बाहेरून धावलेलाच फायद्यात असतो. आणि घोडा वळणाच्या शेवटी शेवटी बाहेर आला असेल, तर नुकसान चार लेंग्थचं नव्हे, एखाद्याच लेंग्थचं. शेऱ्यात मात्र दोघांनाही "चौथ्या लेनमध्ये" असंच म्हटलेलं असू शकतं.

आता शेऱ्याच्या मर्यादांकडे येऊ, कारण खरी गडबड इथून सुरू होते.

सहा फर्लांगची शर्यत साधारण सत्तर सेकंदांत आटोपते. घोडे दहा-बारा. पुन्हा चित्रीकरण बघायला मिळालं तरी लक्ष साहजिकच पुढच्या तीन-चार घोड्यांवर जातं. नवव्या नंबरच्या वाट्याला "प्रभाव नाही" एवढे दोन शब्द येतात. त्याला धक्का बसला असेलही, नसेलही. शेऱ्यात अडचण लिहिलेली नाही याचा अर्थ अडचण आली नाही, असा होत नाही. ज्यांनी डेटाशी कधी झटापट केली आहे त्यांना हे सांगायला नको: रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही कारणं तर दुर्बिणीतून दिसूच शकत नाहीत. १९७३ च्या एप्रिलमध्ये 'सेक्रेटेरिएट' वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला. इतका चांगला घोडा असा कसा हरला म्हणून चर्चा झाली. त्याच्या तोंडात गळू झालं होतं. चार्ट कॉलर बिचारा ट्रॅकवर काय घडलं ते लिहिणार, घोड्याच्या तोंडात डोकावणार कसा? दोनच आठवड्यांनी त्याच घोड्याने केंटकी डर्बी दोन मिनिटांच्या आत, एक मिनिट ५९.४ सेकंदांत जिंकली. मग बेलमाँट ३१ लेंग्थनी, २ मिनिटं २४ सेकंदांत, म्हणजे गॅलंट मॅनचा तो विक्रम मोडून. दोन्ही वेळा आजही त्या शर्यतींचे विक्रम आहेत.

आणखी एक गोष्ट. शेऱ्यात दोन जातीचे शब्द मिसळलेले असतात. "धक्का बसला", "लगाम खेचला", "तिसऱ्या लेनमध्ये" ही निरीक्षणं. "थकला", "जोर लावला नाही", "सहज जिंकला" हे निवाडे. निरीक्षण दोन माणसांनी केलं तर बहुधा जुळतं, निवाडा जुळेलच असं नाही. "थकला" हाच शब्द घ्या. पहिला पाव मैल पावणेबावीस सेकंदांत पळून, शेजारच्या घोड्याशी झुंज देऊन शेवटी मागे पडलेला घोडाही "थकला", आणि तेच अंतर निवांत तेवीस सेकंदांत काढून तरीही मागे पडलेला घोडाही "थकला". पहिल्याला पुढच्या वेळी मान द्यावी, दुसऱ्याला रामराम करावा. फरक कळतो तो शेजारच्या टप्प्यांच्या वेळा बघितल्यावरच. म्हणजे आकड्याला शेरा लागतो तसा शेऱ्यालाही आकडा लागतो.

पण या सगळ्यापेक्षा मोठी अडचण शेरा लिहिणाऱ्यात नाही, वाचणाऱ्यात आहे.

माणूस आधी घोडा पसंत करतो आणि मग शेरे वाचतो. आपला घोडा हरला होता? बघा, "सुरुवातीला धक्का" लिहिलंय, म्हणजे तो हरलाच नव्हता म्हणायचं. प्रतिस्पर्धी हरला होता? त्याच्या "सुरुवातीला धक्का"कडे नजरच जात नाही. वकील पुरावा वाचतो तसं हे वाचन आहे, निकाल आधीच ठरलेला. वर मी दिलेली तिन्ही उदाहरणंही त्याच नजरेने बघा. गॅलंट मॅन, अफ्लीट ॲलेक्स, सेक्रेटेरिएट हे पुढे येऊन जिंकले म्हणून लक्षात राहिले. धक्का बसला, सबब मिळाली आणि पुढच्या शर्यतीत पुन्हा सातवाच आला, अशा घोड्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. त्यांची संख्या किती मोठी असेल याचा अंदाज करायला फार गणित लागत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: एका घोड्याचे सलग पाच-सहा शेरे एकाखाली एक लिहून काढा. एकदा "उशिरा सुटला" हा अपघात. सहापैकी पाचदा "उशिरा सुटला" हा अपघात नाही, तो त्या घोड्याचा स्वभाव आहे, आणि सातव्या वेळी तो उशिराच सुटणार असं धरून चालावं. दर वेळी ज्याला जागा मिळत नाही त्याच्याकडे ऐन वेळी फटीत घुसण्याचा वेगच नसेल, हीही शक्यता असते. नशीब सहा वेळा सारखंच वाईट निघालं असं म्हणण्याआधी दुसरं कारण शोधावं.

दुसरा नियम: जो शेरा सगळ्यांनी वाचलाय त्याचे पैसे मिळत नाहीत. अमेरिकेत टोटची पद्धत आहे, म्हणजे लोकांनी लावलेल्या पैशांतूनच भाव ठरतो. अफ्लीट ॲलेक्सचं ते अडखळणं लाखो लोकांनी टीव्हीवर पाहिलं होतं. बेलमाँटला तो अर्थातच फेव्हरिट होता. घोड्याबद्दलचं मत बरोबर असणं आणि त्यातून फायदा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात टोट चालवणारे जिंकण्याच्या साध्या बेटवर साधारण १५ ते १८ टक्के आधीच कापून घेतात, आणि गुंतागुंतीच्या बेटवर त्याहून जास्त. म्हणजे शंभर लावले की सरासरी ऐंशी-पंच्याऐंशीच परत येणार. बाकीच्या गर्दीपेक्षा थोडं हुशार असून भागत नाही, हा खड्डा भरून निघेल इतकं हुशार असावं लागतं. आपल्याकडे तर ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो दर ४० टक्क्यांवर गेला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, हे आपले खबरवाले मित्र वारंवार ऐकवतात. बरोबर आहे. पण कौशल्याचा खेळ आहे याचा अर्थ ते कौशल्य आपल्याकडे आहे असा होत नाही. मेसचे पैसे तिकडे जाणार असतील तर हा फरक कोणीतरी स्पष्ट सांगायला हवा.

मग करायचं काय? एक वही आणि शंभर शर्यती, पैसे शून्य. शर्यतीआधी मागचे तक्ते वाचून लिहायचं, "या घोड्याला मागच्या वेळी अमुक अडचण आली, म्हणून मी त्याला दोन लेंग्थ अधिक देतोय." तारीख टाकायची. शर्यत झाली की निकाल शेजारी लिहायचा, आणि पान फाडायचं नाही. शंभर नोंदी झाल्या की बघायचं, धक्का बसलेले घोडे पुढच्या वेळी खरंच सुधारले का? बाहेरून धावलेले? "थकलेले"? कोणत्या शेऱ्यात माहिती आहे आणि कोणता नुसता दिलासा आहे हे आपोआप कळेल. कॉम्प्युटरवाल्यांना यात चांगलं मिनी प्रोजेक्ट आहे. शंभरात काही सिद्ध होत नाही म्हणून ते हजार घेतील, तर उत्तमच. हाँगकाँगच्या शर्यतींचं संगणकी मॉडेल बनवून प्रसिद्ध झालेल्या विल्यम बेंटर यांनी १९९४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या मॉडेलचा अंदाज आणि लोकांनी ठरवलेला भाव, दोन्ही एकत्र करून त्यांनी अंतिम अंदाज काढला. गर्दीला आपल्यापेक्षा काही जास्त माहीत असू शकतं हे त्यांनी सरळ समीकरणातच घातलं.

आता तुम्ही म्हणाल, घोड्यांचं झालं, आपलं काय? आपलाही तक्ता लागतोच की दर सेमिस्टरला. त्यात टक्के असतात, केटी असते, पण शेऱ्याचा रकाना नसतो. प्लेसमेंटला येणारी कंपनी साठ टक्क्यांची चाळणी लावते, आणि ज्याच्या घरी तिसऱ्या सेममध्ये काहीतरी घडलं तो आणि ज्याने तिसरं सेम कॅरमवर काढलं तो, दोघेही एकाच चाळणीतून खाली पडतात. स्टाफने निदान इंटर्नल आणि वायवाच्या वेळी या मुलाला वळण कितव्या लेनमधून घ्यावं लागलं एवढं विचारावं, अशी माझी विनंती आहे. आणि आपण विद्यार्थ्यांनी स्वतःचे शेरे स्वतः लिहिताना तोच पहिला नियम लावावा. एकदा पेपर अवघड होता, मान्य. सहा सेमिस्टर पेपरच अवघड असतील तर उशिरा सुटण्याची सवय कोणाला आहे ते बघायला हवं.

जर्नलमध्येही निरीक्षणांच्या तक्त्याला शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. आपण तो कोरा सोडतो, नाहीतर वरपासून खालपर्यंत 'ठीक' लिहून टाकतो. पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकीचं आलं तर शेजारच्याचं रीडिंग उतरवण्याऐवजी त्या रकान्यात काय घडलं ते लिहून बघा. सर सही करतील की नाही सांगता येत नाही. पण ते रीडिंग तुमचं असेल, आणि का आलं हेही तुम्हाला माहीत असेल.

– एक मेकॅनिकलवाला, तृतीय वर्ष